थांबण्याची तालीम

सरकारी कारकून आणि वेग हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा प्रथम हसतो. फाइल या मेजावरून त्या मेजावर कोणत्या गतीने जाते हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्या हसण्याचा आम्हांला राग येत नाही. तथापि गेले तीन महिने आमच्या जबलपूरच्या बिऱ्हाडात वेगाखेरीज दुसरा विषय नाही. येत्या हिवाळ्यात आम्ही आमची रोजच्या वापरातील स्विफ्ट घेऊन ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जाणार आहोत. शर्यतीसाठी नव्हे. मोटारीचे शौकीन ज्यास 'ट्रॅक डे' म्हणतात त्यासाठी. शुल्क भरावयाचे आणि आपलीच गाडी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर काही फेऱ्या चालवावयाची, एवढाच त्याचा अर्थ. तेथे बक्षीस नसते आणि पहिला-दुसरा क्रमांकही नसतो.

कल्पना तशी जुनी आहे. केवळ मोटारी पळविण्यासाठी म्हणून मार्ग बांधावा हे इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे १९०७ साली घडले. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग १९२७ साली खुले झाले, आणि टोल भरून कोणीही आपली गाडी तेथे चालवावी ही प्रथा तेथे रुजली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती होत असत. पुढे १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टई येथे खास मार्ग झाला, २००३ मध्ये कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे झाला, आणि २०११ मध्ये बुद्ध सर्किट. आमच्या मध्य प्रदेशातही इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ साली ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग खुला झाला आहे. पण तो कारखानदारांच्या गाड्यांच्या चाचणीसाठी. आमच्यासारख्या हौशी गृहस्थास नोएडाचीच वाट धरणे भाग आहे.

ही हौस आम्हांला एकाएकी का सुचली, ते सांगितले पाहिजे. आमचा पुतण्या अमरावतीहून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहावयास आला आहे. वय वर्षे वीस. अभ्यासात हुशार, वागण्यात मर्यादशील, काकूच्या शब्दाबाहेर नाही. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री दीड वाजता त्यास दूरध्वनी आला आणि तो कपडेही न बदलता बाहेर धावला. त्याच्या मित्रांपैकी एकाचा पाय मांडीत मोडला होता. दुसऱ्या दिवशी हळूहळू उलगडा झाला. ही पाच-सहा मुले रात्री शहराबाहेरच्या हमरस्त्यावर मोटारसायकलींच्या शर्यती लावीत, आणि आमचे चिरंजीव त्यांत वाकबगार गणले जात.

"काका, रस्ता मोकळा होता," तो म्हणाला.

रस्ता मोकळा असतो तो गाय मध्ये येईपर्यंत, असे आम्ही त्यास सांगितले. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ ही काढून दाखविले. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीवाचून वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याने कलम लक्षपूर्वक वाचले, "बरोबर आहे," म्हणाला, आणि खाली मान घालून बसला. त्या मानेकडे पाहून आमच्या ध्यानात आले की कायदा त्याच्या डोक्यात शिरला, पण वेगाची ओढ जिथे असते तिथपर्यंत तो पोहोचला नाही. मोटारसायकलीची किल्ली काढून घेणे सोपे होते. मित्रांच्या किल्ल्या आम्ही कोठवर काढून घेणार?

शिवाय, या गावात गाड्यांचे वेड हवेतच आहे. येथील वाहन निर्माणी १९६९ पासूनची. सैन्याचे शक्तिमान ट्रक येथे तयार झाले, आणि 'जोंगा' ही सैन्याची प्रसिद्ध गाडी तर जबलपूरचेच नाव आद्याक्षरांत घेऊन देशभर हिंडली. अशा गावात वाढत्या वयाच्या मुलास गाडीचा मोह वर्ज्य सांगणे म्हणजे नर्मदेकाठी राहून पोहू नको म्हणण्यासारखे. पोहणे शिकवावे, आणि भोवरा कोठे आहे तेही दाखवावे, असा विचार आम्ही केला.

सौभाग्यवतींना हा विचार सांगितला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, त्याचा वेग सुटावा म्हणून तुम्ही वेग धरणार?" आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी एकच अट घातली. "गाडी गेली तशी परत आली पाहिजे, आणि तुम्ही दोघेही." पुढची सारी तयारी या एका वाक्यावर उभी आहे. गाडी एकच, तिच्या कर्जाचे बावीस हप्ते अद्याप बाकी, आणि नोएडा येथून सुमारे आठशे किलोमीटर. जी गाडी मार्गावर पळवावयाची तिनेच आम्हांला घरी आणावयाचे आहे.

सवयीप्रमाणे पहिला हात आम्ही कागदपत्रांना घातला. विम्याची पॉलिसी सहसा कोणी वाचीत नाही; आम्ही ती मसुदा तपासावा तशी वाचली. 'वापराच्या मर्यादा' या सदराखाली स्वच्छ लिहिले होते की संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि तत्सम उपयोगास हे संरक्षण नाही. म्हणजे त्या मार्गावर गाडीस ओरखडा आला तरी तो आमच्याच खिशातून जाणार, असे धरून चालणे शहाणपणाचे. हे पान आम्ही पुतण्यास मोठ्याने वाचावयास लावले. दंडाच्या आकड्याने जे झाले नाही ते त्या बावीस हप्त्यांनी झाले. "काका, मग जायचेच कशाला?" असे त्याने प्रथमच विचारले. हा प्रश्न त्यास रात्रीच्या हमरस्त्यावर कधी पडला नव्हता.

दुसरे काम गाडीचे. रांझीकडे आमचा एक मिस्त्री आहे. वाहन निर्माणीतून निवृत्त झालेला, अबोल, हाताचा स्वच्छ. आमचा बेत ऐकून पुतण्याने इंजिनाविषयी चार प्रश्न विचारले. मिस्त्रीने त्याच्याकडे न पाहता चाक काढावयास घेतले आणि म्हणाला, "बेटा, भागना तो इसको आता है. रुकना देखते हैं."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. रोजची गाडी ताशी शंभर-सव्वाशेने कोणत्याही तयारीवाचून पळते. पण त्या वेगावरून पुन:पुन्हा थांबणे हे तिचे रोजचे काम नव्हे. गणित सोपे आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. साठवरून थांबताना ब्रेकना जी उष्णता पचवावी लागते त्याच्या चौपट एकशेवीसवरून थांबताना पचवावी लागते. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, वळणे १६, आणि मागच्या बाजूस सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा. त्या पट्ट्याच्या टोकास दर फेरीला हा सारा ताप ब्रेकच्या चकत्यांवर आणि पॅडवर येतो.

पॅडहून नाजूक गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. हे द्रव्य हवेतील ओल शोषून घेते, आणि जबलपूरच्या पावसाळ्यात ओलीस तोटा नाही. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओल शोषल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पाय ब्रेकवर असतो, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. मिस्त्रीने जुने ऑइल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरले. ते काळ्या चहासारखे दिसत होते. पुतण्या त्या बाटलीकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या मोटारसायकलीलाही पुढे डिस्क ब्रेक आहे, आणि त्यातील ऑइल विकत घेतल्यापासून बदललेले नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले.

गाडीच्या पुस्तिकेत चालेल असे पाहून नवे डॉट ४ घातले, चारही चाकांतून हवा काढली, पुढचे पॅड नवे बसविले आणि ते बसावेत म्हणून काही दिवस गाडी जपून चालविली. टायरांची भेग, फुगवटा, नक्षीची खोली तपासली. टायरमधील हवा गार असताना दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे भरावयाची. मार्गावर टायर तापले की दाब चढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर तो मोजून नोंदवावयाचा. चाकांचे नट पायाने दाबून न कसता टॉर्क रेंचने, नेमून दिलेल्या मापानेच कसावयाचे. इंजिन ऑइल खुणेपर्यंत, कूलंट खुणेपर्यंत. यात एकही गोष्ट अशी नाही की जिने गाडी पूर्वीपेक्षा अधिक पळेल.

तिसरे काम गाडी रिकामी करण्याचे. जोरात वळताना सुटी वस्तू गाडीत उडते, आणि पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून स्टेपनी, जॅक, पाने, पायपुसणी, छत्री, सारे मार्गावर जाण्यापूर्वी उतरवून ठेवावयाचे. यादी वाचता वाचता पुतण्या थांबला. डॅशबोर्डवरच्या गणपतीचे काय? आमच्या मातोश्रींनी तो गाडी घेतली त्या दिवशी आपल्या हाताने चिकटविला आहे. विषय सौभाग्यवतींकडे गेला. त्या म्हणाल्या, "त्यांना माझ्याजवळ द्या. तुम्ही फेऱ्या मारा, आम्ही दोघे बाहेर बसून पाहू." म्हणजे त्याही येणार हे तेव्हा ठरले.

राहता राहिला चालक. आसन इतके पुढे घ्यावयाचे की पाठ टेकलेली असता मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, लांब बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. आदल्या रात्री पुरी झोप. ब्रेक गाडी सरळ असतानाच दाबावयाचे आणि वळणापूर्वी पुरे करावयाचे, कारण टायरच्या पकडीस मर्यादा आहे. ती थांबविण्यात खर्च झाली तर वळविण्यास उरत नाही. वळणात सावकाश शिरावे, बाहेर पडताना गाडीस मोकळे सोडावे.

सर्वांत कठीण काम डोळ्यांचे. गावात चालविताना आपली नजर दहा हातांवर असते. कारण तेथे रिक्षा असते, हातगाडी असते. मार्गावर नजर पुढच्या वळणाच्या पलीकडे हवी, कारण गाडी नजरेमागे जाते. याचा सराव आम्ही रविवारी बरगीच्या रस्त्यावर, कायद्याने दिलेल्या वेगमर्यादेत करतो.

निशाणेही पाठ केली. पिवळे म्हणजे पुढे धोका, वेग कमी, कोणास ओलांडावयाचे नाही. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश परत. काळे म्हणजे तुम्हांसच बोलावणे आहे. निळे म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या. हे निळे निशाण आमच्या वाट्यास पुष्कळ येईल. याच मार्गावर २०११ ते २०१३ या तिन्ही वर्षांची ग्रां प्री सेबास्टियन फेटेलने जिंकली, आणि २०११ साली एक फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत पुरी केली. आमची फेरी चालू असता चहा पिऊन होईल, असा घरचा अंदाज आहे.

शेवटची गोष्ट मिस्त्रीने सांगितली, आणि ती पुतण्याने वहीत अधोरेखित केली आहे. सत्र संपले की एकदम थांबावयाचे नाही. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू चालवून गाडीस वारा खाऊ द्यावयाचा. उभी केल्यावरही हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावयाची, म्हणजे तापलेले ब्रेक जखडत नाहीत.

या साऱ्याने तो सुधारला, असे आम्ही म्हणत नाही. रात्री मोटारसायकलीचा आवाज आला की आम्ही अजूनही जागे होतो, आणि शेजारी सौभाग्यवतीही जाग्याच असतात. पण गेल्या आठवड्यात तो आपण होऊन मिस्त्रीकडे गेला आणि आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल बदलून आला. पैसे त्याने स्वतःच्या खर्चातून दिले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन मित्र आपल्या मोटारसायकली घेऊन त्याच मिस्त्रीकडे गेल्याचे कळले.

काल त्याने चाचरत विचारले, पाय मोडलेला तो मित्र आता कुबड्यांवर चालतो, त्यास नोएडास नेता येईल काय? मार्गावर नव्हे, नुसते पाहावयास. मागच्या आसनावर काकूशेजारी जागा आहे, कुबड्या आडव्या मावतात, हे त्याने टेपने मोजूनही ठेवले होते. आम्ही रजेच्या अर्जावर कारण 'खाजगी काम' असे लिहीत होतो. अर्ज बाजूस ठेवला आणि त्याच्या आईवडिलांची संमती विचारून ये, असे सांगितले.