दोन हातांची कुंची

आम्ही दोघी जावा. वसईत एकाच वाडीत, एकाच विहिरीच्या पाण्यावर आमचे दोन संसार उभे आहेत. दोन्ही अंगणांच्या मधोमध छातीएवढी भिंत आहे. वाटणीच्या वेळी ती उभी राहिली आणि त्याच आठवड्यात आमचे बोलणे थांबले, ते पुढे बारा वर्षे. रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या दारात गाठ पडली तर मान हलवावी, एवढाच शिष्टाचार उरला होता. हा मजकूर लिहिताना लेखणी धाकटीच्या हाती असली तरी मजकूर दोघींचा आहे. थोरलीने त्यातली चार वाक्ये उसवायला लावली आहेत.

थोरलीचा मुलगा सुनेसह टोरांटोला असतो. भिंत होण्यापूर्वी हा मुलगा धाकटीच्या मांडीवरच वाढला. त्याच्या लग्नाचे आमंत्रण मात्र तिला तिसऱ्याच माणसाच्या हातून आले. ती गेली नाही. सून गरोदर असल्याची वार्ताही तिला अशीच कानावरून कळली.

थोरलीने फेब्रुवारीतच क्रोशाची सुई बाहेर काढली होती. आपल्याकडे पूर्वी तान्ह्या मुलाला कुंची घालीत. ती डोके झाकून पाठीवर उतरे आणि तिला बाह्या नसत. टोपीचा स्वेटर म्हणजे याच कुंचीला बाह्या आणि बटणे जोडलेली. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि ते उघडे राहिले की अंगातली ऊब झपाट्याने जाते, हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

थोरलीने सवयीप्रमाणे नवजात बाळाचे माप धरले. फोनवर सुनेने हिशेब मांडला : बाळ जुलैत जन्मणार, तेव्हा तिकडे उन्हाळा, थंडी जानेवारीत कडक होईल, तोवर ते सहा महिन्यांचे असेल. म्हणजे सहा महिन्यांच्या मुलाचे माप हवे. हा साधा हिशेब आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचला नसता. विणलेले सारे उसवून थोरलीने पुन्हा साखळी घातली. पाठ, बाह्या आणि डावा पुढा झाला आणि तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. सुईला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

एका संध्याकाळी भिंतीवर एक कापडी पिशवी दिसली. पलीकडून आवाज आला, “उजवा पुढा आणि टोपी राहिली आहे. तुला जमेल का?”

बारा वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. धाकटीने “बघते” एवढेच म्हटले.

क्रोशा आम्ही दोघी लहानपणी सिस्टरांकडेच शिकलो, मात्र वेगवेगळ्या गावांत. हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लहान आकडा. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ पडला, त्या काळात कॉर्कच्या अर्सुलाईन सिस्टरांनी हीच विद्या मुलीबाळींना शिकवली आणि कित्येक घरांत त्यावर चूल पेटली. आमच्या सिस्टरांनी यातले काही सांगितल्याचे स्मरत नाही. थोरलीला त्या सांगत, हात सैल ठेव. धाकटीला सांगत, हात आवळ. दोघींनीही ते ऐकले नाही.

त्याचे फळ आठ दिवसांनी समोर आले. सुई तीच, 4 मिलिमीटरची, लोकर तीच, पुढ्यात 22 अर्धे खांबही तेवढेच. थोरलीचे 10 सेंटिमीटरमध्ये 16 खांब बसत, धाकटीचे 14. डावा पुढा पावणेचौदा सेंटिमीटर भरला आणि उजवा जवळजवळ पावणेसोळा. दोन्ही पुढे भिंतीवर शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघत राहिलो.

आता थोरली बोल लावणार, अशी धाकटीची खात्री होती. ती आतल्या आत उत्तरेही जुळवू लागली होती. थोरलीने स्वतःचा पुढा उचलला, गाठ सोडली आणि सुजलेल्या अंगठ्यानेच धागा ओढू लागली. दोन ओळी उसवल्या तेव्हा कुठे धाकटीच्या ध्यानात आले. “जाऊबाई, ठेवा तो,” म्हणून तिने तो हातातून काढून घेतला.

शेवटी उजवा पुढा उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर वीण ओबडधोबड दिसते. म्हणून खुर्चीच्या पाठीला तिची लड गुंडाळली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यातून काढून दोरीवर टांगली. दुसऱ्या खेपेला धाकटीने साडेतीन मिलिमीटरची सुई घेतली आणि माप जुळले. थोरलीच्या त्या दोन ओळीही तिनेच भरल्या.

टोपीसाठी गळ्याच्या काठावरून खांब उचलून सरळ पट्टी वर चढवायची, मधोमध दुमडायची आणि माथ्यावर जोडायची. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 43 सेंटिमीटर असतो. असे डोके घरात नव्हते, म्हणून वाडीतल्या शहाळ्यांवर टेप फिरवून एक लहानसे निवडले आणि त्यालाच टोपी घालून पाहिली. थोरलीला टोपीला लोकरीची दोरी आणि गोंडे हवे होते. सुनेने साफ नकार दिला. गळ्याजवळची दोरी अडकून मुले गुदमरतात, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 सालीच तसल्या दोऱ्यांविरुद्ध सूचना काढल्या आहेत. गोंड्यांसाठी थोरली दोन दिवस हळहळली. झोपवताना टोपीचे कपडे घालू नयेत, हेही सुनेनेच सांगितले. जाळीची नक्षी आम्ही आधीच टाळली होती, भोकांत बोटे अडकतात. बटणे दुहेरी दोऱ्याने टाकली आणि दातांनी ओढून पाहिली.

जानेवारीत फोनवर छायाचित्र आले. मुलगी टोपीचा काठ तोंडात घेऊन चघळते आहे. आम्ही ते भिंतीपाशी उभ्या राहून पाहिले. भिंत आहे तिथेच आहे आणि तिच्याविषयी आमचे यजमान अजून बोललेले नाहीत. डावा पुढा लगेच ओळखू येतो, वीण घट्ट आहे, असे थोरली म्हणते. धाकटीने छायाचित्र मोठे करून पाहिले. तिला काही फरक दिसला नाही.

पाच गुंड्यांतला दीड गुंडा उरला आहे. त्यात पायमोजे होतील.