देवघरातला समुद्र

वाचकहो, आपल्या देवघरात शाळिग्राम असेल, तर आज सायंकाळी त्याच्याकडे जरा निराळ्या रीतीने पाहावे, अशी विनंती सुरुवातीलाच करतो. खोलीतला मोठा दिवा मालवावा आणि लहानशी विजेरी दगडाच्या बाजूला, जवळजवळ आडवी धरावी. समोरून पडणाऱ्या उजेडात जो दगड नुसता काळा आणि गुळगुळीत वाटतो, त्याच्या अंगावर तिरप्या उजेडात कधी कधी बारीक कंगोरे उमटतात, आणि त्या कंगोऱ्यांतून एक वेटोळे आकार घेते. ही युक्ती मला कोणत्या ग्रंथात मिळाली नाही. ती माझ्या वडिलांची आहे. त्यांना ती सुचली तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी मंदावत चालली होती.

आमचे मिरज हे समुद्राचे गाव नव्हे. त्याची ओळख रुग्णालयांची आणि तंतुवाद्यांची. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकातून आणि कोकणातून रुग्ण येथे येत राहिले. सतारमेकर गल्लीत आजही भोपळे वाळत टांगलेले दिसतात. पायाखाली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पत्थर. कृष्णाघाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांची जोती, रुळांखालची खडी, सारे त्याच दगडाचे. वडिलांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, रेल्वेत गार्ड म्हणून ३६ वर्षे काढली. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ मिरज स्थानकात एकत्र येत, तो काळ त्यांनी पाहिलेला आहे. निवृत्तीनंतरही रोज सायंकाळी ते स्थानकापर्यंत फिरून येत.

आई गेली आणि हे फिरणे थांबले. जेवण निम्म्यावर आले. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागले. मी डॉक्टर असल्यामुळे जे करायचे ते सर्व केले: रक्त तपासले, थायरॉईड पाहिले, रक्तदाबाची गोळी बदलली, एक टॉनिकही दिले. परक्या रुग्णाला जो प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला असता, तो वडिलांना विचारायला मला चार महिने लागले. "अण्णा, तुम्हाला पेपर वाचता येत नाही का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मधली अक्षरे पुसल्यासारखी दिसतात. तू कामात होतास."

नेत्रतज्ज्ञांनी निदान केले ते दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेचे, कोरड्या प्रकारचे. या विकारात माणूस पूर्ण अंध होत नाही. कडेचे दिसत राहते, नेमके ज्याच्याकडे पाहावे तेच धूसर होते. आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी एक घरगुती चाचणी सांगून ठेवतो. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे, मग दुसरा झाकून. सरळ गज अचानक वाकडे किंवा तुटक दिसू लागले, तर 'वयोमानाने होते' म्हणून थांबू नये. एकदोन दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आईच्या मागे पूजा अण्णांकडे आली होती. शाळिग्रामाला स्नान घालताना त्यांच्या अंगठ्याला काहीतरी लागले. वर्षानुवर्षांचे गंध जिथे साचले होते, तिथे खाली कंगोरे होते. डोळ्यांना ते दिसेनात, तेव्हा त्यांनी विजेरी आणवली आणि बाजूने धरली. हे कसे सुचले, असे मी विचारले. "रात्री डब्याखालचा भाग बघताना बत्ती समोरून धरली की भेग लपते," ते म्हणाले, "आडवी धरली की तिची सावली पडते." चार महिन्यांत ते प्रथमच एका दमात इतके बोलले.

शाळिग्राम नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मुक्तिनाथाकडच्या डोंगरांत काळ्या शेलचे थर आहेत. त्यांतून सुटलेले गोटे नदी घासत घासत खाली आणते. हे थर सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले. हिमालय तेव्हा नव्हता. त्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे त्या समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचा शंख किंवा त्याचा ठसा. दिसायला गोगलगायीसारखा, परंतु नाते माकूळ आणि अष्टपाद यांच्याशी. प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही. वाढला की मागे पडदा घालून पुढे सरके. मागच्या रिकाम्या कप्प्यांतील वायू आणि द्रव यांचे प्रमाण सांभाळून तो पाण्यात तरंगे. अमोनाइट हे नावही देवावरूनच आले आहे: मेंढ्याची शिंगे असलेल्या अमोन या इजिप्तच्या देवावरून. इंग्लंडमध्ये व्हिटबी येथील लोक याच वेटोळ्यांना संत हिल्डाने दगड केलेले साप समजत.

हे सारे मी उत्साहाने घरात सांगितले आणि आत्या संतापली. "देवाला किडा म्हणतोस?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचे दुःख खरे होते. ज्याच्यापुढे तिने सत्तर वर्षे हात जोडले, त्याचे मी एका वाक्यात प्रयोगशाळेतील नमुन्यात रूपांतर केले होते. वाद अण्णांनी मिटवला. शाळिग्रामावरील चक्रे वज्रकीट नावाच्या जिवाने कोरली, अशी कथा परंपरेतच आहे. ती त्यांनी तिला आठवण करून दिली. "जीव त्यात होता हे आपल्याकडे आधीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "हा फक्त त्याचे नाव सांगतोय." आत्याने तुळस वाहिली आणि विषय बदलला. मला अजूनही वाटते की तिला पूर्ण पटलेले नाही, आणि पटायलाच हवे असेही नाही.

त्यानंतर अण्णांचा प्रश्न आला: मिरजेच्या पोटात असा समुद्र आहे का? बोअर मारली तर शिंपला लागेल का?

याचे उत्तर फार दूर नाही, सातारा जिल्ह्यात मिळते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेथील भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात खोल बोअर घेतल्या; त्या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. त्या बोअरमध्ये सुमारे ९०० ते १२०० मीटर जाडीचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर, लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. मध्ये समुद्राचा गाळ नाही. आपला दगड लाव्हारसाचा; उकळत्या रसात शिंपला टिकणार कसा? सागरी जीवाश्म हवे असतील तर उत्तरेस नर्मदा खोऱ्यातील बागला जावे लागते, किंवा कच्छला, किंवा तमिळनाडूत अरियलूरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे.

अण्णा थोडे हिरमुसले. पण एक गोष्ट सांगितल्यावर त्यांनी मला ती तीनदा सांगायला लावली. आपला काळा पत्थर ज्या उद्रेकांतून आला, ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आणि अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले तेही त्याच सुमारास, डायनोसॉरांसोबत. अशनीच्या आघाताने की या ज्वालामुखींमुळे, की दोहोंमुळे, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. बहुतेकांचा कल अशनीकडे आहे. म्हणजे आमच्या घराचे जोते ज्या दगडाचे आहे तो तयार होत होता, तेव्हा देवघरातल्या त्या जिवाचे कुळ संपत होते. अण्णा उठून जोत्याच्या दगडावर हात ठेवून आले.

भुजला नोकरीस असलेल्या माझ्या मावसभावाला हे कळले. त्याने एका शेतकऱ्याच्या परवानगीने बांधावर वेचलेले चिमुकले जीवाश्म एका डब्यातून पाठवले: वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे, कापसात गुंडाळलेले. येथून खरा छंद सुरू झाला. (सरकारने संरक्षित केलेल्या जीवाश्म उद्यानांतून मात्र एक खडाही उचलू नये, तो गुन्हा आहे.)

अण्णांची पद्धत मुख्यतः बोटांची. वेटोळे एकाच पातळीत असेल आणि दोन्ही बाजू सारख्या लागत असतील, तर अमोनाइट. वेटोळे टोकाकडे चढत गेले, तर गोगलगायीच्या कुळातला शंख. दोन शिंपा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असतील, तर तिसऱ्यांच्या जातीचा शिंपला. पण दोन शिंपा लहानमोठ्या असून प्रत्येकीचा डावा आणि उजवा भाग मात्र जुळत असेल, तर तो ब्रॅकिओपॉड नावाचा निराळाच प्राणी. बंदुकीच्या गोळीसारखी निमुळती कांडी म्हणजे बेलेमनाइट, माकुळाच्या नातेवाइकाचा आतला कडक भाग. पहिल्या महिन्यात ते निम्मे चुकत. मी भिंगातून पाहून सांगे, ते पुन्हा चाचपत.

एका नातलगाने यात्रेतून आणलेला शाळिग्राम त्यांनी हातात घेतला आणि लगेच परत दिला. "हा कोरलेला आहे. सगळ्या रेघा एका मापाच्या, रुळाखालच्या स्लीपरसारख्या. वाढणारी वस्तू अशी नसते." खरेच आहे. अस्सल अमोनाइटचे कंगोरे वेटोळे मोठे होत जाते तसे विरळ होतात आणि अनेक जातींत बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात. नातलग नाराज झाले, तो भाग वेगळा.

काळजी घेणाऱ्यांसाठी आमच्याच घरातली एक चूक सांगतो. माझ्या पत्नीने प्रेमाने अण्णांचा ट्रे पुसला आणि सर्व दगड आकारानुसार सुंदर मांडले. त्या दिवशी अण्णांना एकही दगड सापडेना. त्यांची मांडणी हाताच्या आठवणीची होती, डोळ्यांची नव्हे. ते रागावले नाहीत, पण दोन दिवस त्यांनी ट्रे उघडला नाही. मंददृष्टी माणसाची वस्तू त्याला न विचारता हलवू नये, मग ती चष्म्याची डबी असो वा दगड. बाकी पथ्ये साधी आहेत: ट्रेला उंच काठ असावा, पार्श्वभूमी पांढऱ्या कापडाची, दिवा मान वळवता येईल असा आणि भिंग स्टँडवरचे, म्हणजे हात थरथरला तरी चालते. दगड कोरडे खरवडू नयेत. धूळ फुप्फुसात जाते. पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. आम्लाचे प्रयोग नातवंडांनीही करू नयेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना कोकणात नेले. मिरजेहून कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण. दर दीड तासाने थांबलो, कारण अण्णा लघवीसाठी गाडी थांबवायला सांगायला संकोचतात आणि त्यासाठी पाणीच पीत नाहीत. बहुतेक ज्येष्ठांचे हेच असते. प्रवासाच्या दिवशी लघवी वाढवणारी गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. घाटात मी त्यांना डोंगराच्या पायऱ्या दाखवल्या, एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांच्या. कडेच्या दृष्टीला त्या दिसल्या. या खडकाला 'ट्रॅप' हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच पडले आहे.

चिपळूणपलीकडच्या एका किनाऱ्यावर ओहोटीला करल उघडा पडला होता. करल म्हणजे वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट जुळून झालेला किनाऱ्याचा दगड. काही हजार वर्षांचा, त्यामुळे शाळिग्रामापुढे अगदी तान्हा. ओल्या खडकावर घसरण्याची भीती होती. मी एका बाजूने आणि मुलगा दुसऱ्या बाजूने, असे धरून त्यांना नेले, खुर्ची तिथेच वाळूत ठेवली. अण्णा वाकून अर्धा तास हात फिरवत बसले. त्यात अडकलेले शिंपले ते एकेक ओळखत होते, मोठ्याने. पलीकडे जाळे आवरणाऱ्या एका कोळीणबाईने थांबून विचारले, "आजोबांचं काय हरवलंय?"

"काही नाही," अण्णा म्हणाले, "मोजतोय."

आता ते ८२ वर्षांचे आहेत. उजव्या डोळ्याचा मध्य आणखी धूसर झाला आहे, आणि आईच्या वर्षश्राद्धाला ते अजूनही दिवसभर बोलत नाहीत. स्थानकापर्यंतचे फिरणे मात्र पुन्हा सुरू झाले आहे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. ट्रेमध्ये ४३ दगड आहेत. त्यांतला एक, हरभऱ्याएवढा, एका बाजूने वेटोळ्याचा आणि दुसऱ्या बाजूने सपाट, कोणत्याच खणात बसत नाही. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचे आहे, तेव्हा तो कोणा जाणकाराला दाखवायचा म्हणून त्यांनी तो आत्ताच कोटाच्या वरच्या खिशात घालून ठेवला आहे, आणि कोट धुवायला टाकायचा नाही असे घरात बजावले आहे.