अखेरचे पांच सेकंद

आमच्या घरीं सकाळच्या चहाला सगळी मंडळी एकत्र बसते. ही वडिलांनीं घालून दिलेली रीत आहे व ती मोडण्याचें धाडस आजवर फारसें कोणीं केलेलें नाहीं. परंतु ५ एप्रिल २०१६ च्या सकाळीं चहा कपांत निवत होता आणि त्याकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें. पाडवा अवघ्या तीन दिवसांवर आलेला. गुढीची काठी माळ्यावरून काढण्यासाठीं मीं चिरंजिवांना दोनदां हांक मारली. ओ आली नाहीं. दिवाणखान्यांत डोकावून पाहतों तों स्वारी पडद्यापुढें मांडी ठोकून बसलेली, मुठी आवळलेल्या, आणि मागें माझे धाकटे बंधु, त्यांचीं दोन मुलें, एवढेंच काय पण हातांत जपाची माळ घेऊन आमच्या मातुःश्रीही!

अमेरिकेंत त्या वेळीं सोमवारची रात्र होती. टेक्सास संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं नॉर्थ कॅरोलायना आणि व्हिलानोव्हा या दोन विद्यापीठांत बास्केटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना चालला होता. आमच्या चिरंजिवानें चॅपल हिल येथें, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत, दोन वर्षें संख्याशास्त्राचा अभ्यास केला. परत येतांना पदवीबरोबर हें एक वेडही त्यानें सामानांतून आणलें.

वाचकांपैकीं ज्यांना या वेडाची लागण झालेली नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिंवाळ्यांत मुलांना घरांत खेळतां यावें म्हणून दोन बाजूंना पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला. आज अमेरिकेंत प्रतिवर्षीं मार्चमध्यें महाविद्यालयांची जी मोठी स्पर्धा सुरू होते तींत ६८ संघ उतरतात. नियम निष्ठुर आहे: एकदां हरला तो घरीं गेला. म्हणजे ६८ पैकीं ६७ संघांचा शेवट पराभवानेंच व्हावयाचा, हें आधींपासून ठरलेलें! शिवाय खेळणारे विद्यार्थी. तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जाणारे. पुष्कळांना ती रात्र आयुष्यांत एकदांच लाभते.

सामना चाळीस मिनिटांचा; पण घड्याळ वारंवार थांबत असल्यामुळें शेवटचीं दोन मिनिटें आपल्याकडच्या मंगलाष्टकांसारखीं लांबतात. त्या दिवशीं व्हिलानोव्हा तीन गुणांनीं पुढें होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेज नांवाच्या मुलानें उडी घेतली, समोरचा प्रतिस्पर्धी अंगावर येतांच हवेंतच अंग वळवलें, आणि तशा वेड्यावांकड्या स्थितींत दुरून चेंडू टाकला. तो टोपलींतून गेला! ७४–७४. चिरंजीव इतक्या जोरानें उडाले कीं तिपाईवरची कपबशी खालीं आली. घड्याळांत ४.७ सेकंद उरले होते.

पांच सेकंदांत काय होणार, असें मला वाटलें. व्हिलानोव्हाच्या क्रिस जेंकिन्सनें चेंडू रायन आर्चिडियाकोनोकडे दिला व स्वतः त्याच्या मागोमाग धांवत निघाला. आर्चिडियाकोनो संघांतला जुना, मानाचा गडी. अखेरचा डाव त्यानें स्वतः टाकला असता तरी कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. पण मागून जेंकिन्सची हांक आली आणि त्यानें चेंडू मागें सोडून दिला. जेंकिन्सनें तो फेंकला, चेंडू हवेंत असतांनाच टोपलीमागचे लाल दिवे लागले, वेळ संपली, आणि मग चेंडू जाळींतून खालीं उतरला. ७७–७४. व्हिलानोव्हा जिंकली.

दिवाणखान्यांत कोणी बोलेना. मग धाकट्या बंधूंनीं एक गोष्ट सांगितली. या जेंकिन्सला लहानपणापासून ब्रिट नांवाच्या कुटुंबानें आपल्या घरीं सांभाळलेलें. आणि त्या कुटुंबाचा पोटचा मुलगा नेट ब्रिट हा त्याच रात्रीं नॉर्थ कॅरोलायनाच्या संघांत होता. दोघे भाऊ समोरासमोर! आमच्या मातुःश्रींनीं माळ थांबविली आणि विचारलें, "मग त्या माउलीनें पाहावें कुणाकडे रे?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापैकीं कोणाजवळ नव्हतें.

चिरंजीव मात्र जमिनीकडे पाहत बसले होते. एकोणतीस वर्षांचा घोडा, डोळ्यांत पाणी! मला तें कसेंसेंच वाटलें, व आमच्या पिढीच्या बापांना जें सुचतें तेंच मला सुचलें. मीं म्हणालों, "अरे, खेळच तो! त्यांत एवढें काय? ऊठ, काठी काढ." तो उठला व त्यानें मुकाट्यानें काठी काढून दिली. परत येतांना आजीजवळून जात असतां तिनें नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरविला. ती एक शब्द बोलली नाहीं. तो क्षणभर तेथें उभा राहिला. माझ्याजवळ मात्र तो थांबला नव्हता.

त्या दिवशीं संध्याकाळीं मीं, कांहींसा खजील होऊन, त्याला म्हणालों, "असे सामने पूर्वींही झाले असतील, नाहीं का?" जखमेवर औषध म्हणून मीं हें विचारलें नव्हतें; पण तें औषधच ठरलें. तो जुने चित्रपट काढून मला दाखवूं लागला.

पहिला १९८३ सालचा, आल्बुकर्क येथील. तारीखही तीच, ४ एप्रिल. एका बाजूला ह्यूस्टन विद्यापीठ. ओलाजुवॉन आणि ड्रेक्स्लर यांच्यासारखे पुढें जगप्रसिद्ध झालेले खेळाडू त्यांत. दुसऱ्या बाजूला नॉर्थ कॅरोलायना स्टेट, ज्यांना कोणी फारसें जमेस धरीत नव्हतें. ५२–५२ अशी बरोबरी. शेवटल्या क्षणीं व्हिटेनबर्ग यानें फार दुरून चेंडू भिरकावला. तो टोपलीपर्यंत पोंचलाच नाहीं. पण खालीं उभ्या असलेल्या लोरेन्झो चार्ल्सनें तो वरच्यावर झेलला आणि तसाच टोपलींत कोंबला. ५४–५२! चुकलेल्या नेमाचा विजय झाला. आपण नेम धरला नव्हता, चेंडू मित्राकडेच दिला होता, असें व्हिटेनबर्ग पुढें गमतीनें सांगत असे. त्या संघाचे शिक्षक जिम व्हाल्व्हानो मैदानभर सैरावैरा धांवत सुटले होते. मिठी मारावयाला ते माणूस शोधीत होते. दहाच वर्षांनीं, १९९३ सालीं, कर्करोगानें त्यांचें निधन झालें. ती धांव मात्र अजून लोक पाहतात.

दुसरा २०१० सालचा, इंडियानापोलिस येथील. बटलर हें त्याच शहरांतलें लहानसें विद्यापीठ, आणि समोर बलाढ्य ड्यूक. ६१–५९ असें मागें असतांना बटलरच्या गॉर्डन हेवर्डनें जवळजवळ अर्ध्या मैदानावरून अखेरचा चेंडू फेंकला. चेंडू मागच्या फळीवर आदळला, कड्यावर आपटला, आणि बाहेर पडला. चार बोटांचा फरक! तो आंत जाता तर अमेरिकेंत पिढ्यान् पिढ्या त्याची कथा सांगितली गेली असती. गेला नाहीं, तरी कथा सांगितली जातेच. पण सांगतांना लोक उसासा टाकतात.

आणि तिसरा १९८२ चा, न्यू ऑर्लिन्स येथील. हा माझ्या चिरंजिवाच्या आवडीचा, कारण यांत त्याचें विद्यापीठ जिंकलें. जॉर्जटाउन ६२, नॉर्थ कॅरोलायना ६१. तेव्हां मायकेल जॉर्डन या पहिल्या वर्षाच्या पोरानें चेंडू टाकून ६३ केले. अजून पंधरा-सोळा सेकंद होते. जॉर्जटाउनला एक संधि होती. त्यांचा फ्रेड ब्राउन चेंडू घेऊन पुढें आला, आपला गडी शेजारीं आहे असें त्याला डोळ्याच्या कोपऱ्यांतून वाटलें, आणि त्यानें चेंडू सरळ प्रतिपक्षाच्या जेम्स वर्दीच्या हातांत दिला. संपलें! देशभरच्या लोकांसमोर, कोणीही न ढकलतां, न खेंचतां, त्या मुलानें अजिंक्यपद दुसऱ्याच्या हातीं ठेवलें होतें.

चिरंजीव विजयाचें दृश्य दाखवीत होते; माझें लक्ष दुसरीकडे गेलें. जॉर्जटाउनचे शिक्षक जॉन थॉम्प्सन हे ताडमाड उंच, धिप्पाड गृहस्थ. त्यांच्या कडकपणाची ख्याति होती. त्यांनीं त्या ब्राउनला जवळ ओढलें आणि सर्वांदेखत घट्ट मिठी मारली. विचारलें नाहीं, रागावले नाहींत, उपदेश केला नाहीं.

तें पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. चिरंजीव बारावीला असतां एका मोठ्या प्रवेशपरीक्षेला बसले होते. उत्तरें वर्तुळें काळीं करून द्यावयाचीं. एका पानावर मध्येंच एक प्रश्न त्यानें सोडला, आणि पुढचीं सगळीं उत्तरें एका ओळीनें वर सरकलीं. उत्तर येत होतें. हात चुकीच्या जागीं गेला. घरीं येऊन त्यानें स्वतःच हें मला सांगितलें. मीं म्हणालों, "इतकें साधें अवधान कसें राहिलें नाहीं?" आणि त्यानंतर तीन दिवस त्याच्याशीं बोललों नाहीं. अभियांत्रिकीची ती वाट बंद झाली. तो संख्याशास्त्राकडे वळला, चमकला, परदेशीं जाऊन आला. झालें तें बरेंच झालें, असें मीं चारचौघांत अनेकदां म्हटलें आहे. पण त्या तीन दिवसांविषयीं मीं कधीं कांहीं म्हटलें नव्हतें.

"पुढें काय झालें त्या मुलाचें?" मीं विचारलें.

"दोन वर्षांनीं, १९८४ सालीं, जॉर्जटाउननें ह्यूस्टनला हरवून पद जिंकलें, बाबा. ब्राउन शेवटच्या वर्षाला होता. थॉम्प्सननीं त्याला पुन्हां तशीच मिठी मारली." थोडें थांबून तो म्हणाला, "पण लोकांना पहिलीच आठवते."

तो एवढेंच बोलला. त्याच्या मनांत कांहीं होतें कीं नव्हतें, हें मला सांगतां येणार नाहीं. मीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आम्हां दोघांनाही जरा नवाच वाटला असावा. कारण दोघेही पडद्याकडेच पाहत राहिलों.

तेव्हांपासून या सामन्यांचा मीही शौकीन झालों आहें. शेवटच्या क्षणाला आपण इतकें महत्त्व कां देतों, याचा मीं पुष्कळ विचार केला. हिशेबानें पाहिलें तर पहिल्या मिनिटांतल्या गुणाची किंमत अखेरच्या गुणाइतकीच. ब्राउनचा तो एक चेंडू सोडला तरी सबंध सामन्यांत जॉर्जटाउनच्या हातून इतर चुका झाल्याच असतील. पण त्या सुधारावयाला वेळ होता, म्हणून कोणीं मोजल्या नाहींत. अखेरची चूक मोठी नसते. तिच्यामागें वेळ उरलेला नसतो, एवढेंच. मग तो वेळ भोंवतालच्या माणसांनींच द्यावयाचा असतो. थॉम्प्सननीं तो मैदानावरच दिला. मला नऊ वर्षें लागलीं.

पुढच्याच वर्षीं, २०१७ सालीं, नॉर्थ कॅरोलायनानें गोंझागाला ७१–६५ असें हरवून पद मिळविलें. घरांत पेढे वांटले गेले. सूनबाई आल्यावर तर मुलींचे सामनेही सुरू झाले. २०१८ सालीं नॉत्र दामच्या अरिके ओगुन्बोवाले हिनें एका सेकंदाचा दहावा भाग उरला असतां मिसिसिपी स्टेटवर विजय मिळविला, तेव्हां सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतून धांवत येऊन जो जयघोष केला तो शेजाऱ्यांनींही ऐकला.

८ एप्रिल २०२५ च्या सकाळची गोष्ट सांगून हें पुरें करतों. सात वर्षांची नात माझ्या शेजारीं बसली होती. ह्यूस्टन १९८३ सालीं हरली, १९८४ सालींही हरली, हें वडिलांकडून ऐकून तिनें ह्यूस्टनचा पक्ष घेतला होता. ह्यूस्टनला एकदां बारा गुणांची आघाडी होती. ती फ्लॉरिडानें हळूहळू खाऊन टाकली. ६५–६३. अखेरच्या क्षणीं ह्यूस्टनच्या खेळाडूनें चेंडू टाकण्यासाठीं उडी मारली, समोरून प्रतिस्पर्धी झेपावला, चेंडू हातांतून सोडून द्यावा लागला, आणि नियमाप्रमाणें त्याला तो पुन्हां शिवतां येईना. चेंडू जमिनीवर उसळत राहिला आणि वेळ संपली. नेम चुकला नाहीं. नेम धरावयाला मिळालाच नाहीं.

नातीचा ओंठ थरथरूं लागला. चिरंजीव तिच्याकडे येण्यास उठले, पण त्या आधींच मीं तिला उचलून मांडीवर घेतलें होतें. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कांहीं बोलत कां नाहीं?"

"कांहीं बोलावयाचें नसतें, बाळ," मीं म्हणालों.

चिरंजीव दारांत उभे राहून पाहत होते. मग ते आंत गेले, व गार झालेला चहा पुन्हां ऊन करून त्यांनीं माझ्यापुढें आणून ठेवला. त्या तीन दिवसांविषयीं मीं त्याच्याशीं अजूनही शब्दानें बोललेलों नाहीं. पण हें मासिक आमच्या घरीं दर महिन्याला येतें, आणि तें प्रथम तोच उघडतो.