मेणदोऱ्याच्या गाठी

आपल्या भाषेने गाठींचे दोनच वर्ग पाडले आहेत: सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, ओढावी तसतशी आवळत जाते ती निरगाठ. पुढचे तपशील तिने ज्याच्या त्याच्या बोटांवर सोपवून दिले. केळीच्या सोपाने मेथीची जुडी बांधणारी भाजीवाली, पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून गजरा करणारी फुलवाली, सुंभाची बाज विणणारा कारागीर, यांच्यापैकी कुणालाही त्याच्या गाठीचे नाव विचारून पाहा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. गाठ ही मारायची वस्तू आहे, सांगायची नव्हे. तरीही मी आज एका गाठीविषयी सांगणार आहे. कारण सरळ आहे: त्या गाठीच्या जिवावर मी इंजिनियर झालो.

1964 साली माझी ताई मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात लागली. विजेच्या यंत्रांची कंट्रोल पॅनेले तिथे तयार होत. वडील अंथरुणाला खिळलेले, मी शाळेत, आणि ताई मॅट्रिक झालेली. तेव्हा नोकरी कुणी करायची, हा प्रश्नच नव्हता. काम काय, तर तारा बांधायच्या. आई शेजाऱ्यांना सांगे, "आमची ताई कंपनीत असते." कंपनीत ती काय करते, याबद्दल आईने चाळीला कधी थांगपत्ता लागू दिला नाही.

वास्तविक ते काम बघण्यासारखे होते. आजकाल टेबलामागच्या वायरींचा गुंता प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळतात आणि उरलेले शेपूट कात्रीने उडवतात. त्या काळी पॅनेलच्या पोटातल्या शे-दीडशे तारांची आधी चक्क रांगोळी काढावी लागे. प्लायवूडच्या फळीवर पूर्ण मापाचा नकाशा चिकटवलेला. त्याच्या रेघांवर खिळे ठोकलेले. त्या खिळ्यांना वळसे देत एकेक तार अंथरायची. जिची वाट लवकर संपते ती अमुक खिळ्यापाशी बाहेर काढायची, जिला लांब जायचे आहे ती तशीच पुढे न्यायची. वळणावर तारांनी एकमेकींवर चढायचे नाही. सगळ्या तारा आल्या म्हणजे मग दोरा हातात घ्यायचा. हा दोरा मेण लावलेला असे. मेणामुळे तो सरकत नाही, आणि हात किंचित सैल झाला तरी पडलेला टाका जागच्या जागी राहतो. सुरुवातीला जुडग्याला दोन वेढ्यांचा फास घालून त्यावर सपाट गाठ मारायची, आणि मग तोच दोरा पुढे नेत ठरावीक अंतराने टाका, टाका, टाका. जिथे फांदी फुटते तिथे दुहेरी टाका. शेवटी पुन्हा पक्की गाठ, आणि टोके पाव इंच ठेवून कापायची; जास्त नाहीत, कमी नाहीत. तयार झालेली जुडी फळीवरून उचलली की फांद्या फुटलेल्या काटकीसारखी आपल्या आकारात ताठ राही.

आता त्या टाक्यातले मर्म. दोरा वेढा घेऊन परत येतो तेव्हा त्याला आपल्याच वरून घ्यायचे की खालून, एवढाच प्रश्न असतो. आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही टाके सारखेच दिसतात. ताईने मला हा फरक पेन्सिलीवर शिकवला. पेन्सिलीवर पाच-सहा टाके घालायचे आणि पेन्सिल हळूच काढून घ्यायची. टाका कच्चा असेल तर हातात सरळ दोरा उरतो, जणू काही घडलेच नव्हते! पक्का असेल तर दोऱ्यावर तितक्याच लहान लहान गाठी राहतात. म्हणजे पक्क्या टाक्यात प्रत्येक वेढा स्वतःपुरती निरगाठ असतो. एके ठिकाणी दोरा तुटला तरी तेवढाच टाका जातो; शेजारचे आपापली जागा धरून बसतात. कच्च्या टाक्याचे तसे नसते. एक सुटला की सगळ्यांना सुटायचे निमित्त मिळते. (आमच्या चाळीत दोन्ही प्रकारची कुटुंबे होती, पण तो विषय वेगळा.)

ही गाठ मुळात विजेची नव्हेच, दर्यावर्दी लोकांची आहे. शिडे वाशांना बांधायला खलाशी ती वापरीत. इंग्रजांच्या आरमारातला खलाशी रोज सकाळी आपली झोळी गुंडाळून याच गाठीचे सात वेढे देई. पुढे तारायंत्रे आली, टेलिफोन आले, आणि जहाजावरची गाठ जमिनीवर उतरली. टेलिफोन केंद्रांत तर जाडजूड केबली मेणदोऱ्याने लोखंडी शिड्यांना अक्षरशः शिवून टाकीत. अमेरिकेतल्या टेलिफोन कामगारांमध्ये त्या टाक्यांना शिकागो टाका, कॅन्सस सिटी टाका अशी नावे होती. आपल्याकडे साड्यांना गावांची नावे असतात, तिकडे टाक्यांना!

ताईच्या विभागात बहुतेक मुलीच होत्या. मुलींना हे काम लवकर येते, असे वरिष्ठ म्हणत आणि त्याचे श्रेय मुलींच्या नाजूक बोटांना देत. ताईला हे मुळीच पटत नसे. ती म्हणे, "बोटं कसली नाजूक? निम्म्या मुली लहानपणापासून गजरे करणाऱ्या. देठाला फास घालून दोरा पुढे न्यायचा, तो किती ओढला म्हणजे बसतो आणि किती ओढला म्हणजे देठ चिरतो, हे त्यांना आधीच ठाऊक असतं." तारेचेही तसेच असते. दोरा सैल राहिला तर जुडी सुटते, जास्त ओढला तर तारेच्या आवरणात रुततो.

तारेत रुतू द्यायचा नाही म्हटल्यावर तो कुठे रुतणार? करंगळीच्या पेऱ्यात. दोरा हाताला गुंडाळून दिवसभर ओढायचा, त्यामुळे करंगळीच्या मुळाशी चीर पडे. ती भरून येईतो दुसरी पडे आणि शेवटी तिथे घट्टा होई. 1968 साली ताईला पाहायला मंडळी आली. पोहे झाले, स्वयंपाकाची चौकशी झाली. मुलाच्या आईने सहज केल्यासारखा ताईचा हात हातात घेतला, उलटा केला आणि विचारले, "शिवणकाम करतेस वाटतं?" आईने डोळ्यांनी खूण केली. हो म्हटले असते तर भागले असते. ताई म्हणाली, "नाही. तारा बांधते." त्या मंडळींनी कळवतो म्हणून सांगितले आणि अर्थातच कळवले नाही. त्या रात्री आई तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने ताई कामावर गेली, आणि त्याच महिन्यात माझी कॉलेजची फी भरली गेली. मी त्या फीची पावती जपून ठेवली आहे. पुढे तिचे लग्न झाले ते त्याच कारखान्यातल्या एका फिटरशी. बघण्याचा कार्यक्रम झाला नाही. त्यांनी तिची बोटे चार वर्षे पाहिलेली होती.

असेच हात सातासमुद्रांपलीकडे आणखी एका माणसाने पाहिले होते. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीचे मॉरस लोगन 1956 साली बोइंगचा विमान-कारखाना बघायला गेले. तिथेही खिळ्यांच्या फळ्या, तिथेही मेणाचा दोरा, तिथेही कामगारांची चिरलेली, घट्टे पडलेली बोटे. त्या माणसाने दोन वर्षे खटपट करून 1958 साली एका झटक्यात आवळली जाणारी पट्टी सिद्ध केली. आज घरोघरी दिसते तिची ती आद्य आवृत्ती. ताईच्या कारखान्यात ही पट्टी यायला बरीच वर्षे लागली. मी तिला म्हटले, "बघ, तुझा घट्टा आता जाईल." ती म्हणाली, "घट्टा जाईल, तशी जागाही जाईल." तसेच झाले, बारा जणींचे काम चौघींवर आले. ताई त्या चौघींत राहिली. मात्र त्या पट्टीला तिने कधी चांगले म्हटले नाही. तिचे कापलेले टोक धारदार राहते, पुढे तिथे हात घालणाऱ्या मेकॅनिकचा हात कापतो, असे तिचे म्हणणे. आणि ते खोटे नाही. विमानांत नि अवकाशयानांत अजूनही दोरा किंवा चपटी विणलेली फीत वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. फीत हलकी असते, कुठे अडकत नाही, तारेला बोचत नाही. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने ती कशी बांधायची याचे नियम छापून ठेवले आहेत.

6 ऑगस्ट 2012 रोजी त्या संस्थेची क्युरिऑसिटी नावाची गाडी मंगळावर उतरली. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत तिचे स्वतःचे अंगही दिसते, आणि त्या अंगावरच्या तारांच्या जुड्या जागोजागी हाताने बांधलेल्या दिसतात. मी एक चित्र मोठे करून ताईकडे घेऊन गेलो. तिने चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी धरला.

"सुट्या गाठी आहेत," ती म्हणाली. "एका दोऱ्याने पुढे नेलेल्या नाहीत. आम्हीसुद्धा कमी जागेत अशाच मारत होतो."

"बरोबर आहेत ना?"

तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. अंगठ्याच्या नखाने ती कागदावर काहीतरी मोजत होती.

"टोकं नीट दिसत नाहीत रे," ती म्हणाली. "याहून मोठा फोटो मिळतो का बघ."