पोत्यावरचं नाव

मी सातवीत होतो. त्या दिवाळीला मामा पुण्याला आमच्याकडे आले ते तीन पिशव्या घेऊन. मला वाटलं, फराळ असेल. निघाले बटाटे! तेसुद्धा सुरकुतलेले, कोंब फुटलेले. माझा पडलेला चेहरा बघून मामा हसले. "अरे, हे खायचे नाहीत. बेणं आहे हे. परसात लाव, आणि जे येईल त्यातले बारके बटाटे मला परत दे. जूनमध्ये मी शेतात लावीन."

मामा सातगाव पठारावरचे. हे पठार पुणे जिल्ह्यातच, आंबेगाव तालुक्यात आहे. तिथे पावसाळ्यात बटाट्याचं मोठं पीक घेतात.

पिशव्यांवर नावं होती : कुफरी ज्योती, कुफरी सिंदुरी आणि चक्क कुफरी लवकर! लवकर हे काय नाव झालं? मामा म्हणाले, "लवकर पिकतो, म्हणून लवकर. आपल्या भागासाठी काढलेला वाण आहे, म्हणून नावही मराठी." ज्योती १९६८ मधला, लवकर १९७२ मधला. आणि कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. तिथल्या डोंगरात उन्हाळ्याचे दिवस लांबलचक, हवा थंड. तशा हवेत बटाट्याला भरपूर फुलं येतात, फळंही धरतात. म्हणून एका जातीचे पराग दुसरीच्या फुलावर घालून नवे वाण तिथे तयार करतात.

बटाट्याला फळ? हो! हिरव्या, लहानशा टोमॅटोसारखं दिसतं. पण दोस्तांनो, ते तोंडात घालू नका, विषारी असतं. गंमत म्हणजे त्या फळातल्या प्रत्येक बीपासून वेगळंच झाड येतं. दोन भावंडं सारखी नसतात ना, तसंच. त्यातलं एखादं पसंत पडलं की त्याचे बटाटेच पुन्हा पुन्हा लावायचे. म्हणजे जगातले सगळे 'ज्योती' हे एकाच झाडाचे तुकडे. हे ऐकून मी चाटच पडलो होतो.

खताची तीन रिकामी पोती धुऊन घेतली, तळाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. प्रत्येकात चार-चार बटाटे. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून त्यांवर शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात नावं लिहिली आणि काड्यांना बांधून मातीत खोचली. रोज सकाळी झारीनं पाणी.

पंधरा दिवसांनी पाहतो तर पुठ्ठ्यांवर नुसते निळे डाग! (तुम्ही लावलंत तर पेन्सिलीनं लिहा. पेन्सिल पाण्यानं जात नाही.)

एका पोत्यात माती उकरून पाहिलं, तर लावलेल्या बटाट्याची साल लाल. तो सिंदुरी, प्रश्नच नाही. उरलेले दोन्ही पांढरे. भिंतीकडचा ज्योती असावा, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच. पण नवीन पुठ्ठ्यावर मी 'ज्योती' असं ठणठणीत लिहून टाकलं. कोणालाच काही बोललो नाही.

त्यात आमची शाळा जवळ. एके दिवशी बाई अख्खा वर्ग घेऊन आल्या. मी पट्टी हातात घेऊन एकेक पोतं दाखवत माहिती दिली. टाळ्या वाजल्या. कान गरम झाले होते माझे, पण पट्टी काही खाली ठेवली नाही.

फुलं आली की ओळख पटेल, असं वाटत होतं. ज्योतीचं फूल पांढरं असतं, हे मामांनी सांगितलेलं. पण फुलं आलीच नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे बटाट्याला फुलं कमीच येतात.

जानेवारी संपत आला आणि 'ज्योती'चा पाला पिवळा पडू लागला. आई म्हणाली, करपा आला असेल. मी घाबरून आणखी पाणी घातलं. शेजारचं 'लवकर' मात्र हिरवंगार! अंथरुणात पडल्या पडल्या एका रात्री डोक्यात उजेड पडला. आधी पिकायला हवा तो लवकर. म्हणजे मी नावं उलटी लावली होती.

सकाळी उठून गुपचूप पुठ्ठे बदलले. सुटलो!

फेब्रुवारीत मामा आले. आम्ही पोती उलटी केली. काय मजा येते म्हणून सांगू! मातीतून एकेक बटाटा असा टपटप बाहेर पडतो. मामांनी बारके बटाटे निवडून पिशवीत भरले. पिशवीवर 'लवकर' लिहिण्यासाठी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सहज विचारलं, "नक्की ना रे? बेणं मिसळलं तर निम्मं शेत काढणीला येतं आणि निम्मं हिरवंच राहतं. मग काढायचं कधी?"

मी गप्प. भिंतीकडच्या पोत्याला दुपारभर ऊन लागायचं. त्यामुळेच तर पाला वाळला नसेल? की आई म्हणाली तसा करपाच असेल? माझा दुसरा अंदाजही अंदाजच होता की!

"मामा, मला नक्की माहीत नाही," मी म्हणालो आणि शाईपासून बाईंच्या टाळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. रडू येत होतं.

मामा रागावले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी दोन्ही पोत्यांतले बटाटे शेजारी शेजारी ठेवले. लवकर गोल असतो, ज्योती लांबट. पण पोत्यात दाटीनं वाढल्यामुळे आमचे बटाटे कसेही वेडेवाकडे झाले होते. दोघांचेही डोळे उथळ, आतला गरही पांढरटच. बराच वेळ बघून मामा म्हणाले, "मलाही सांगता येईना." मग त्यांनी एका पिशवीवर लिहिलं, 'भिंतीकडचा', आणि दुसरीवर, 'दाराकडचा'.

शाळेत जाऊन बाईंना सांगणं त्याहून अवघड गेलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मामांनी बारके बटाटे माळ्यावर मंद उजेडात पसरून ठेवले. उजेडानं ते हिरवे झाले. असे बटाटे खायचे नसतात, पण बेण्याला चालतात. कोंब आखूड आणि दणकट येतात. जूनमध्ये पाऊस पडल्यावर त्यांनी दोन वेगळ्या सरी लावल्या.

सप्टेंबरमध्ये मामांचं पत्र आलं. 'भिंतीकडच्याचा पाला आधी पिवळा पडला. बटाटे गोल आहेत. तोच लवकर. दाराकडच्याला जुलैअखेर फुलं आली होती, त्यातलं एक तुझ्यासाठी वहीत ठेवलं होतं.' घडीत ते वाळलेलं फूल होतं. वाटेत चुरगळलं होतं, पण पांढरं होतं, आणि त्याची पाच टोकं मोजता येत होती.