आगेऱ्याचं गाणं आणि दोन गुंठे हळवं भात

काल उत्तनात एका वरातीत बँडवाल्यांनी ‘गल्यान साखली सोन्याची’ वाजवलं आणि माझ्या नाकात ओल्या पेंढ्याचा वास आला. गाणं लग्नाचं, भाताशी त्याचा काय संबंध? पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा असतो. नव्या भाताची जुडी आशीर्वादाला चर्चमध्ये नेतात. आमच्या लहानपणी त्या मिरवणुकीत हेच गाणं वाजायचं.

एका वर्षी बाबांनी सगळं गरवं लावलेलं, 135-140 दिवसांचं. आगेऱ्याला शेत हिरवंगार, दाणा अजून दुधात. बाबा सकाळपासून बांधाबांधाने फिरले, तेव्हा कुठे मूठभर पिवळ्या लोंब्या मिळाल्या. तेवढ्याच बांधून बँडच्या मागे मान खाली घालून चालले. मी त्यांचं बोट धरून. गाणं लागलं की मला अजून ती मूठच दिसते.

पुढच्या वर्षापासून बाबा दोन गुंठे हळवं लावायचेच, आगेऱ्यापुरतं. ते गेले, मी भात सोडून भाजी धरली. चार वर्षं झाली, जुडी शेजाऱ्याकडून मागून नेतो.

रात्री हिशेब मांडला. कर्जत-3 चे 115 दिवस धरले, 10 जूनला पेरलं, तर 3 ऑक्टोबरला कापणी. बसतंय! वांग्याचे दोन गुंठे मोकळे करतोय. अडचण एकच, तुकडा खाजणाला लागून आहे, खारं पाणी चढतं. पनवेलच्या खारभूमी केंद्राचं वाण घेऊ का? ते एवढ्या दिवसांत येईल? कुणी लावलं असेल तर सांगा, बियाणं याच आठवड्यात आणायचंय.