टेबल जुनं, सही नवी

‘ड्रॉइंगमध्ये लिंक टेबल वापरू नये.’ पुण्यातल्या ज्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे मी ड्राफ्ट्समन होते, तिथे प्लॉटरच्या वर हा कागद चिकटवला होता. ठळक टायपात, खाली सरांची सही. माझं नाव त्यावर नव्हतं, पण कागद कोणामुळे लागला हे चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. नोकरी सोडून बराच काळ लोटला, तरी तो आठवला की माझं डोकं फिरतं.

पार्श्वभूमी सगळ्यांना माहीतच असते. कॉलमचा नंबर, साइज, सळया किती आणि कितीच्या, रिंगांचं अंतर, हे सगळं शेड्यूलमध्ये येतं. डिझाइनर ते एक्सेलमध्ये करतात, ड्राफ्ट्समन ते बघून ऑटोकॅडमध्ये पुन्हा टाइप करतो. आर्किटेक्टने जिना हलवला की ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल पुन्हा रन होतं, एक्सेल बदलतं, आणि आपण परत टाइप करायला बसतो. आयटीआयवाले त्यासाठीच जन्माला आलेत, असा एकंदर समज.

ऑटोकॅडमध्ये टेबल आलं २००५ च्या आवृत्तीत आणि एक्सेलशी डेटा लिंक आली २००८ च्या. म्हणजे मी काही शोध लावला नव्हता. फाइल दाखवायची, शीट निवडायची, हव्या त्या सेलना एक्सेलमध्ये नाव दिलेलं असेल तर तेवढीच रेंज घ्यायची, आणि टेबल ड्रॉइंगवर ठेवायचं. सेलवर गेलं की साखळी आणि कुलूप दिसतं. कुलूप म्हणजे इथे कोणी हात लावायचा नाही, बदल करायचा तो मूळ फाइलमध्ये. एक्सेल बदललं की खाली कोपऱ्यात फुगा येतो, त्यावर क्लिक केलं की टेबल ताजं होतं. आपोआप होत नाही, हे महत्त्वाचं.

सुरुवातीला भानगडी झाल्या. डिझाइनरला पिवळा रंग फार आवडायचा. बदललेल्या ओळी तो रंगवून ठेवायचा आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर नेमके त्याच ओळींवर काळपट पट्टे. मग एक्सेलचं फॉरमॅटिंग घ्यायचंच नाही असं ठरवलं. दुसरी गंमत तारखांची. ‘८-१६’, म्हणजे सोळाच्या आठ सळया, असं टाइप केलं की एक्सेल त्याचा ऑगस्ट २०१६ करून टाकतं. एका चेक प्रिंटवर सी-३ कॉलमला ‘ऑगस्ट-१६’ असं स्टील पडलं होतं. साइटच्या मुकादमाने ते बघून विचारलं, “ताई, सळया श्रावणात बांधायच्या का?” तेव्हापासून मधल्या रेघेऐवजी टी लिहायचा नियम केला. यात आम्ही एकटे नव्हतो. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही नावंच बदलल्याचं जाहीर केलं. एवढी मोठी माणसं एक्सेलपुढे नमली, तिथे आमचं काय!

तर सांगायचं ते मोशीच्या साइटचं.

पार्किंग अधिक सात मजल्यांची इमारत. सी-१४ हा तीनशे बाय सहाशेचा कॉलम, आधी त्यात सोळाच्या आठ सळया होत्या. टेरेसवर पाण्याची टाकी सरकली आणि डिझाइनरने त्या वीसच्या आठ केल्या. १६०० चौरस मिलिमीटरचं स्टील २५०० वर गेलं, म्हणजे किरकोळ बदल नव्हे. त्याने एक्सेल बदललं, मला सांगितलं, मी रिव्हिजनचा त्रिकोण टाकला, तारीख टाकली, फाइल सेव्ह करून प्लॉटरच्या कॉम्प्युटरवर दिली. त्याच सुमारास ऑफिसचा सर्व्हर बदलला होता. डिझाइनच्या फाइली ज्या ड्राइव्हवर होत्या त्याचं अक्षर बदललं. डिझाइनची एक्सेल एका ड्राइव्हवर आणि ड्रॉइंग दुसऱ्यावर ही ऑफिसची जुनी पद्धत. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये रिलेटिव्ह पाथ चालत नाही, म्हणून लिंक पूर्ण पत्त्याची होती. पत्ता गेला. आणि पत्ता गेला की टेबल रिकामं होत नाही, शेवटचे वाचलेले आकडे तसेच दाखवत राहतं. अगदी शांतपणे.

मग फुगा का नाही आला? त्या फुग्याला एक सेटिंग आहे, डेटालिंकनोटिफाय. मुळात ते दोनवर असतं. शून्य केलं की कोणी काही बोलत नाही. आणि ते ड्रॉइंगमध्ये नाही, त्या त्या कॉम्प्युटरवर साठवलं जातं. क्लायंटसमोर प्रोजेक्टरवर ड्रॉइंग दाखवताना फुगा आला होता, बिल्डरने “हे काय, जुनं आहे का?” विचारलं होतं, आणि सरांनी तो बंद करून घेतला होता. सगळ्या मशीनवर. मला हे नंतर कळलं, तेही सर्व्हर लावायला आलेल्या मुलाकडून.

फुटिंगची जाळी अंथरून कॉलमच्या सळया उभ्या केल्या होत्या, काँक्रीट दुसऱ्या दिवशी. डिझाइनर स्टील चेकिंगला गेला आणि त्याने बोटाने सळई चाचपूनच ओळखलं, की त्या जुन्या, सोळाच्याच आहेत. सळया सोडल्या, वीसच्या मागवल्या, तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी रद्द झाली, ठेकेदाराने मजुरी मागितली. काँक्रीट पडलं नव्हतं, हे नशीब.

सोमवारी मीटिंग. माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, एरवी ड्राफ्ट्समनला कोण खुर्ची देतं? सर म्हणाले, “अगं, मी सही करतो तो कागद मी पाहिलेला असतो. तुझं टेबल मी पाहिल्यानंतरही बदलू शकतं.” मला ओठावर आलेलं बोलता आलं नाही, की सर, तक्रार तर ते न बदलल्याची आहे! फुग्याचं नाव कोणी काढलं नाही. ड्राइव्हचंही नाही. आणि याच ऑफिसात त्याआधी रिंगांचं दीडशे अंतर दोनशे टाइप झालं होतं, सी-९ ची ओळ सी-८ ला गेली होती, एक बीम तर शेड्यूलमधून गायबच झाला होता. त्यासाठी कधी मीटिंग नाही. ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणायचं आणि लाल पेनाने सुधारायचं. हाताने शंभर चुका केल्या तर माणूस आहे, चालायचंच. साखळीने एक केली की साखळी तोडा. यावर मी अजूनही भांडायला तयार आहे.

पण आता माझी स्वतःची कामं आहेत, साताऱ्यातून दोन-तीन कन्सल्टंटचं ड्राफ्टिंग करते, आणि साइटवर जाणाऱ्या फायनल ड्रॉइंगवर मी लिंक ठेवत नाही. टेबल ताजं करते, एक्सेलची तारीख टेबलाखाली लिहिते, मग राइट क्लिक करून लिंक डिटॅच. हाताखालच्या मुलीने एकदा जिवंत लिंक तशीच पाठवली तेव्हा मी तिला जे ऐकवलं, ते सरांचंच वाक्य होतं. ती गप्प बसली. मला तिचा चेहरा बघून बरं वाटलं नाही, पण वाक्य मागे घेतलं नाही.

बार बेंडिंग शेड्यूलची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येक सळईची लांबी, नग, व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरमागे वजन, अशा ओळीच्या ओळी असतात आणि चौथ्या पानावर माणूस थकतोच. तिथे लिंकच हवी. एक्सेल ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवावं, आणि फाइल बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिटने, म्हणजे लिंक केलेली फाइलही सोबत जाते. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि व्हॉट्सॲपवर नुसती ड्रॉइंगची फाइल टाकतात. दुसऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची वेळ आली, तर मी आधी डेटालिंकनोटिफाय टाइप करून बघते. बऱ्याच ठिकाणी शून्य असतं, आणि ते कोणी केलं हे विचारलं तर कोणालाच आठवत नाही.